सहा माणसांची बाग

"घरात माणसं किती, काका?" बागवालीनं वहीवर पेन टेकवून विचारलं.

"सहा," मीटरसाहेब म्हणाले.

त्यांच्या पत्नी नुकत्याच घरातून अंगणात येत होत्या. त्या थबकल्या आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. आपल्या पाठोपाठ आणखी चार जण बाहेर येत असतील तर त्यांना वाट द्यावी, म्हणून. मागे कोणीच नव्हतं.

मीटरसाहेब म्हणजे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले मीटर-तपासनीस. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या दारात वाकून मीटरं वाचली आणि ठिबकणाऱ्या नळांवरून लोकांना झापलं. निवृत्तीनंतर वाकायला जागा उरली नाही आणि झापायला माणसं. खुर्चीत बसले की त्यांचा एक पाय हलायचा. तो धरून ठेवला की दुसरा हलायचा. पेपर ते उभ्यानंच वाचायचे. सहा महिन्यांत घरातल्या सगळ्या नळांचे वॉशर दोनदा बदलून झाले, तेव्हा पत्नीच म्हणाल्या, "पुढचं अंगण उजाड पडलंय. बाग तरी करा." या पत्नी टायपिंग शिकवून निवृत्त झालेल्या, सगळी गल्ली त्यांना 'बाई' म्हणायची. बोलायच्या कमी, पण चुकीच्या अक्षरावर बोट पडू द्यायच्या नाहीत.

बागवाली तरुण होती, नोकरी सोडून नुकताच स्वतःचा व्यवसाय थाटलेली. तिची पद्धत निराळी होती. "बाग सुंदर दिसलीच पाहिजे काका, पण तिनं घरावर ओझं होता कामा नये. हिरवळ नको, ती पाणी पिते. तुमच्या आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी या पाइपातून इथं खडीच्या वाफ्यात येईल. वाफ्यात कर्दळ. तिची मुळं पाणी गाळून देतात. तिथून दगडी पायरीवरून पाणी या छोट्या तळ्यात पडेल, आणि तळ्यातून केळी, लिंबू, फुलांचे ताटवे. एका माणसाचे दिवसाला साठ लिटर धरले, तर सहा जणांचे तीनशे साठ. बरोबर तेवढीच झाडं लावते. नळाचा एक थेंबही लागणार नाही."

'नळाचा एक थेंबही लागणार नाही' हे वाक्य मीटरसाहेबांच्या थेट काळजात शिरलं.

ती गेल्यावर बाईंनी विचारलं, "अहो, सहा कोण?"

"कोण म्हणजे? तू, मी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं."

"ते चौघं तिकडे राहतात. मागच्या वर्षी साडेतीन दिवस आले होते."

"आले होते ना? मग!"

"साडेतीन दिवस."

"वरच्या खोलीत त्यांच्या गाद्या घातलेल्या आहेत. माणसं नसताना कोणी गाद्या घालतं का?"

"तुम्ही घालता," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाग झाली, आणि दृष्ट लागावी अशी झाली. मीटरसाहेबांनी त्याच दिवशी प्लंबर बोलावून अंगणातला जुना नळ काढून टाकला, भोकावर बूच बसवलं आणि गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं, "बागेला नळाचं पाणी घातलेलं दिसलं तर माझं नाव बदला." शेजारचे दंतवैद्य रोज सकाळी हातात पाइप धरून आपली हिरवळ भिजवायचे. त्यांना हे वाक्य दोनदा ऐकवण्यात आलं.

तिसऱ्या आठवड्यात कर्दळीनं मान टाकली. मग केळीची पानं कडेनं करपायला लागली. तळ्याच्या तळाशी चार बोटं पाणी उरलं.

बागवाली धावत आली. मातीत बोट खुपसून पाहिलं, वहीतली आकडेमोड पुन्हा केली, तिसऱ्यांदा केली. "माझं गणित चुकत नाहीये, काका. गळती असणार. कुठंतरी पाणी मुरतंय."

"मुरत असेल," मीटरसाहेब दुसरीकडे बघत म्हणाले.

मग दोन दिवस दोघांनी मिळून पाइप उकरला. मीटरसाहेब गुडघ्यांवर बसून, पाइपाला कान लावून, गळतीचा आवाज ऐकल्यासारखं करत होते. असल्या एकतीस वर्षांच्या अनुभवाला नसलेली गळती काही सापडेना. शेवटी बागवाली हातातली माती झटकत खाली बसली.

"काका, पुढच्या रविवारी बावीस बंगल्यांच्या वसाहतीची कमिटी ही बाग बघायला येणार होती. बघून ठरवणार होते, काम मला द्यायचं की माझ्या जुन्या साहेबांना. मी त्यांना नको म्हणून कळवते."

"नको का?"

"एका घराचं गणित जमेना, बावीस घरांचं काय करू? साहेब म्हणालेच होते, चित्रं छान काढतेस, हिशोब तुझ्या आवाक्यातला नाही. खरंच असेल त्यांचं."

मीटरसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "छे छे!" ते ताडकन उठले. "नकार बिकार कळवू नकोस. रविवारी बाग तरारलेली असेल. माझा शब्द."

ती गेल्यावर बाई म्हणाल्या, "सांगून टाका ना तिला."

"काय सांगू? चार माणसं हरवली म्हणून?"

"दोन आहोत, एवढंच सांगायचं."

मीटरसाहेब अंगणात तीन येरझाऱ्या घालून आले. "नाही सांगता येणार."

"मग न्हाणीघरातला नळ सोडून द्या अर्धा तास. तीनशे साठ लिटर भरतील."

मीटरसाहेबांनी बाईंकडे असं पाहिलं की जणू त्यांनी चोरी करायला सुचवलं होतं. "न वापरलेलं, स्वच्छ पाणी? बागेत? मी? लोकांना एकतीस वर्षं काय सांगत आलो मी? पाणी वापरूनच सोडायचं."

"मग वापरा," बाई म्हणाल्या.

आणि मीटरसाहेब वापरायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी तीनदा आंघोळ केली, दुसऱ्या दिवशी पाचदा. बोटांची टोकं सुरकुतून मनुकांसारखी झाली. कपाटातले सगळे धुतलेले कपडे पुन्हा धुतले. पडदे धुतले, वरच्या खोलीतल्या चौघांच्या चादरी धुतल्या, छत्र्या धुतल्या. बाई खुर्चीवरून उठल्या की मागे उशीचा अभ्रा नाहीसा झालेला असायचा. तरी कर्दळीची मान काही वर होईना.

"दोन माणसं किती मळणार?" मीटरसाहेब हताश होऊन म्हणाले. मग त्यांचं लक्ष कुंपणापलीकडे गेलं. दंतवैद्य सकाळचं पळून परतत होते. घामानं निथळत होते.

"डॉक्टर," मीटरसाहेबांनी प्रेमानं हाक मारली. "आंघोळ करून जा ना."

"काय?"

"आमच्याकडे. आंघोळ. गरज आहे हो."

दंतवैद्यांनी मान किंचित वळवून स्वतःच्या खांद्याचा वास घेतला. "गरज आहे म्हणजे? काय म्हणायचंय काय तुम्हाला?"

"तसं नव्हे. साबण लावून, भरपूर पाण्यानं..."

"मी दिवसातून दोनदा आंघोळ करतो!" दंतवैद्य लाल होऊन म्हणाले.

"तेच तर! त्यातली एक इकडे करा."

दंतवैद्यांनी धाडकन फाटक लावलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत दोन बातम्या पसरल्या. एक, दंतवैद्यांच्या अंगाला वास येतो. दोन, मीटरसाहेबांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

पण त्याच संध्याकाळी मीटरसाहेबांना घबाड मिळालं. गल्लीच्या टोकाला मैदान होतं आणि तिथं चाळिशी-पन्नाशीतल्या कारकुनांचा एक फुटबॉल संघ रोज सराव करायचा. त्यांच्या मैदानावर नळ नव्हता. अकरा माणसं, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि घरी जायला प्रत्येकाला दोन बस. मीटरसाहेब मैदानाच्या कडेला उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

कप्तानाचा आधी विश्वास बसेना. "आंघोळ? फुकट? आणि मोबदल्यात काय हवंय?"

"घाई करू नका," मीटरसाहेब म्हणाले. "एवढंच. निवांत करा. कानामागे वगैरे घासा."

अकरा जणांनी निवांत आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्दळीनं मान वर केली. तिसऱ्या दिवशी एक कळी दिसली. चौथ्या दिवशी संघानं मळके गणवेशही आणले, कारण मीटरसाहेबांनीच ते मागितले होते. बाई न्हाणीघरासमोरच्या रांगेतून वाट काढत स्वयंपाकघरात जायच्या आणि यायच्या. "आपल्या लग्नातसुद्धा एवढी माणसं नव्हती," त्या एकदाच म्हणाल्या. पण गोलरक्षकाला टायपिंग शिकायचंय असं कळल्यावर, त्याची पाळी येईपर्यंत त्याला जुन्या मशीनपाशी बसवायला लागल्या.

शनिवारी बागवाली आली आणि बाग बघून जागच्या जागी उभी राहिली. तळं काठोकाठ. केळीला नवं पान. कर्दळीला लालभडक फुलं.

"काका, गळती कुठं होती?"

"होती एका ठिकाणी," मीटरसाहेब म्हणाले. "बुजवली."

रविवारी सकाळी दहाला कमिटी येणार होती. मीटरसाहेबांनी कप्तानाला बजावून ठेवलं होतं, "उद्या सुट्टी. कोणी यायचं नाही." पण रविवारी सकाळीच संघाचा अंतिम सामना झाला आणि संघ नऊ वर्षांत पहिल्यांदा जिंकला. जिंकलेली माणसं काय ऐकतात! मीटरसाहेब पुढच्या फाटकाशी कमिटीची वाट बघत येरझाऱ्या घालत असताना, अकरा जण मागच्या दारानं आत आले. इतके दिवस या माणसानं आपल्याला सांभाळलं, आता त्याला तोशीस द्यायची नाही, म्हणून कप्तानानं स्वतःच सगळे गणवेश धुलाई यंत्रात कोंबले. येताना त्यानं धुण्याची पावडरही आणली होती. हॉटेलातल्या चादरींसाठी असते ती. माप कुठं दिसेना, म्हणून त्यानं अर्धी पिशवी ओतली.

कमिटीत तिघं होते. पुढे अध्यक्ष, हातात फाइल. त्यांच्या मागे चिटणीसबाई. आणि सगळ्यात मागे एक सभासद, जे आल्यापासून एकही शब्द बोलले नव्हते. बागवाली त्यांना दाखवत होती, "हे पाणी वाफ्यातून गाळून या पायरीवरून तळ्यात पडतं..."

पाणी पायरीवरून पडलं. पण ते पांढरं होतं.

"हे काय आहे?" चिटणीसबाईंनी विचारलं.

"थोडा फेस येतो कधीकधी," बागवाली म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

थोडा नव्हता. पायरीवर आपटून तो दुप्पट व्हायचा, तळ्यात पडून चौपट. बघता बघता तळं दिसेनासं झालं, मग कर्दळ कमरेपर्यंत बुडाली. फेस शांतपणे पायवाटेवर आला आणि अध्यक्षांच्या बुटांवर चढला. वाऱ्याची झुळूक आली आणि एक मोठा गोळा कुंपण ओलांडून दंतवैद्यांच्या हिरवळीवर जाऊन बसला.

तेवढ्यात दार उघडलं आणि टॉवेल गुंडाळलेला गोलरक्षक पायरीवर आला. "काका, साबण संपला."

"हे कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"मुलगा," मीटरसाहेब म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

गोलरक्षकामागून कप्तान डोकावला. "काका, मशीनमधून फेस येतोय."

"आणि हे?"

"धाकटा."

मग टक्कल पडलेला, पांढऱ्या मिशांचा बचावपटू टॉवेल सावरत बाहेर आला. अध्यक्षांनी नुसतं त्याच्याकडे बोट केलं. मीटरसाहेब त्या मिशांकडे बघत बोटांवर वर्षं मोजायला लागले. शेवटी बाई पुढे झाल्या.

"हा थोरला," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे."

याच वेळी फाटकाशी सायकल लागली आणि खात्याची नवी तपासनीस आत आली. मीटरसाहेबांच्याच हाताखाली शिकलेली. फेसातून वाट काढत ती संकोचून उभी राहिली. "सर, नमस्कार. रविवारचं यायला नको होतं, पण ऑफिसात बोलवून घेण्यापेक्षा घरी येऊन सांगावं म्हटलं. तुमचा पाण्याचा वापर नऊपट झालाय. नियमाप्रमाणे नोटीस निघालीय. घरगुती जोडणीवर सार्वजनिक स्नानगृह किंवा धोबीखाना चालवल्याबद्दल."

"नऊपट?" बागवाली म्हणाली. "सहा माणसांत नऊपट कसा होईल?"

"सहा?" तपासनीस मुलीनं कागद उलटला. "आमच्या नोंदीत दोन आहेत. सरांनीच भरलेत. स्वतःच्या अक्षरात."

बागवालीनं हळूच वळून मीटरसाहेबांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मीटरसाहेब एका जागी स्थिर उभे होते.

"दोनच आहोत," ते म्हणाले. "तू विचारलंस आणि तोंडातून सहा निघालं. मग परत घेता येईना. बाग वाळली ती माझ्यामुळे. तुझं गणित बरोबर होतं पोरी, पहिल्यापासून."

बागवालीचं नाक लाल झालं. "मी आठवडाभर धड जेवले नाही, काका! तुम्ही माझ्याबरोबर पाइप उकरलात! कान लावून ऐकत होतात!"

"हो."

"काय ऐकू येत होतं?"

"काही नाही," मीटरसाहेब म्हणाले.

बागवाली रडणार असं सगळ्यांना वाटलं. पण तिनं एकदम वही उघडली. "म्हणजे दोन माणसांचं पाणी आणि सहा माणसांची झाडं. मग तिसऱ्या आठवड्यातच वाळायला हवीत..." तिनं बोटावर मोजलं. "तिसऱ्याच आठवड्यात वाळली!" आणि ती अशी हसली की बचावपटूनंही टॉवेल सावरत टाळ्या वाजवल्या.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "हे सगळं ठीक आहे, पण असा बेजबाबदारपणा आमच्या वसाहतीत खपणार नाही. आमच्या यादीत प्रत्येक घराचा नेमका आकडा आहे. बावीस बंगले, एकशे चार माणसं. मी स्वतः मोजलीत."

"तुमच्या घरी किती?" बागवालीनं विचारलं.

"पाच."

चिटणीसबाई त्यांच्याकडे वळल्या. "पाच? दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या की तुमच्या. आणि मुलगा बोटीवर असतो."

"सुट्टीत येतात!" अध्यक्ष म्हणाले. मग पायाखालच्या फेसाकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे, येणार आहेत."

"मग माझेही चारच्या ऐवजी दोन करा," चिटणीसबाई पुटपुटल्या. "सगळे वाढवून लिहितायत म्हणून मीही लिहिले."

आता उरले ते न बोलणारे सभासद. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, त्यावरचा फेस पुसला, आणि सकाळपासूनचं पहिलं वाक्य बोलले.

"आमच्याकडे तीन लिहिलेत. मी एकटाच असतो."

"मग तीन कसे?" तपासनीस मुलीनं विचारलं.

"एक लिहायला बरं वाटेना."

बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "आत चला सगळे. बूट काढा आणि पाय धुऊन घ्या." मीटरसाहेबांनी सवयीनं "भरपूर धुवा" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

काम बागवालीलाच मिळालं. मात्र बावीस बागांचं नाही. खरी माणसं मोजल्यावर एकशे चारची त्रेचाळीस भरली. एवढ्या पाण्यात बावीस बागा जगल्या नसत्या, म्हणून तिनं सगळ्या घरांचं पाणी एकत्र आणून मधल्या मोकळ्या जागेत एकच बाग आखली. मीटरसाहेबांच्या अंगणातली दोन तृतीयांश कर्दळ आणि दोन केळी तिकडे गेल्या. नोटीस एका लेखी खुलाशावर मिटली. खुलासा बाईंनी टाइप केला, दोन ओळींचा. दंतवैद्यांच्या हिरवळीवर जिथं फेस बसला होता तिथं गवत जळालं आणि एक मोठं टक्कल पडलं. महिनाभर ते कोणाशी बोलले नाहीत. मग त्यांनी बागवालीचा फोन नंबर मागितला.

मीटरसाहेबांची बाग आता लहान, नेटकी आणि स्वावलंबी झाली. तिला त्यांची काही गरजच उरली नाही, आणि त्यांचा पाय पुन्हा हलायला लागला. तेव्हा बागवालीनं त्यांना कामावर घेतलं. नव्या घरी बाग आखायच्या आधी तिथली माणसं मोजायची, हे त्यांचं काम. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. घरमालक काहीही सांगो, मीटरसाहेब "हात धुऊन येतो" म्हणून आत जायचे, दात घासायचे ब्रश आणि वाळत घातलेले टॉवेल बघून यायचे, आणि खरा आकडा गुपचूप बागवालीच्या वहीत लिहायचे. सांगणाऱ्याला खोटं पाडायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

परवा ते एका निवृत्त नकाशाकाराच्या घरी गेले. म्हातारा तुडतुडीत होता, बोलताना सारखा उठबस करत होता. "सात जण आहोत," त्यानं सांगितलं. "धरून चाला आठ."

मीटरसाहेब हात धुऊन आले. बाहेर येऊन त्यांनी वहीत '२' लिहिलं. बागवालीनं मान डोलावली आणि आराखड्यातली झाडं खोडायला सुरुवात केली. खोडता खोडता तिनं लिंबाखाली काढलेल्या लांबलचक बाकावरही रेघ मारायला पेन टेकवलं.

मीटरसाहेबांनी तिचा हात धरला. "तो असू दे. आठ जण बसतील एवढा."

"दोघांना एवढा कशाला, काका?"

"बाकाला पाणी लागत नाही," मीटरसाहेब म्हणाले.